सीझन संपल्यावरचा ठेका

माथेरान पाहून गेलेली माणसे पुष्कळ आहेत, ऐकून गेलेली थोडी. पाहायला दोन दिवस पुरतात. ऐकायला तिथे पावसाळा काढावा लागतो. मी तिथे वाढलो आणि पुढे तबल्यावर पोट भरले. त्या गावाची माझ्याजवळची सगळी शिल्लक आवाजांची आहे.

०

दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. आमच्या लहानपणी पुढे अडीच-तीन किलोमीटर माणसाचे पाय, घोड्याचे पाय, नाहीतर दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडले तर रस्त्यावर इंजिनाचे वाहन यायचे नाही, हा जुना दंडक. २००३ साली केंद्र सरकारने हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

इंजिन नसलेल्या गावात प्रत्येक आवाजाला धनी असतो. अंधारात चप्पल वाजली की ती कुणाची ते कळते. घोडा फुरफुरला की कुठल्या तबेल्यातला ते कळते. एक आवाज दुसऱ्यापासून सोडवून घेता येणे, ही कानाची पहिली इयत्ता. आम्हा मुलांची ती पाटी हातात येण्याआधीच झाली, कारण आवाज एकमेकांत कालवलेले नव्हते.

०

पाहुणे पहिल्या संध्याकाळी म्हणत, "किती शांत आहे हो इथे!"

त्या क्षणी रातकिडे किरकिरत असत. पत्र्यावर माकडे उड्या घेत. दरीतून वारा चढत असे. बाजारात कुणीतरी घोड्याला चुचकारत असे. तरी पाहुण्यांचे म्हणणे खरेच होते. एक आवाज उमटून विरेपर्यंत दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडत नव्हता. मैफलीतली शांतता याहून वेगळी नसते. ती कुणाला गप्प करून मिळत नाही. प्रत्येकाला थांबता आले की मिळते.

०

लय मला घोड्यांनी शिकवली. सावकाश चालणाऱ्या घोड्याचे चार पाय चार वेळा पडतात, सुटे आणि सारख्या अंतराने. दुडक्या चालीत पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या रेषेतला मागचा एक असे दोन-दोन पाय एकदम पडतात; चाराचे दोन ठोके होतात. वेग आणखी वाढला की तीन ठोके, आणि मग निमिषभर चारही पाय हवेत.

चार, दोन, तीन आणि एक रिकामी जागा. गुरुजींनी त्रिताल आणि दादरा मोजायला बसवले तेव्हा आकडे ओळखीचे निघाले. त्या रिकाम्या जागेत काहीच वाजत नाही. पण ती काढून टाका. तीन ठोक्यांतला पहिला कोणता, हे मग सांगून दाखवा.

०

लाल मातीवर टाप बसकी पडते. पेव्हर ब्लॉकवर कोरडी आणि टणक. गेल्या काही वर्षांत रस्त्याचा बराच भाग ब्लॉकांनी झाकला गेला. नाल त्यावरून घसरतो, अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. घोडा तोच, नाल तोच, तरी आवाज परका झाला.

आघाताचे श्रेय आपण हाताला देतो. अर्धा आवाज तर ज्याच्यावर आघात होतो त्याचा असतो.

०

एको पॉइंटवर आलेला माणूस बहुधा स्वतःचे नाव ओरडतो. नाव परत आले की हसतो आणि पुढच्या पॉइंटकडे निघतो. आम्ही मुले तिथे टाळ्या वाजवत असू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरचा कडा जेवढा लांब, तेवढी त्याची टाळी उशिरा. आम्ही आमची गती अशी धरायचो की कड्याची टाळी आमच्या दोन टाळ्यांच्या बरोबर मधोमध पडावी. हात जरा भरकन चालले की ती पुढच्या टाळीखाली दडपली जाई. जरा रेंगाळले की लंगडू लागे. जमले की एका टाळीच्या दोन होत. दुगुन मी तिथे शिकलो. तिचे नाव मागाहून कळले.

कडा कुणासाठी लय बदलत नाही. लहान मूल आहे म्हणून थांबत नाही, उस्ताद आहे म्हणून धावत नाही. असा साथीदार आयुष्यात एकदा तरी भेटावा, आणि लवकर भेटावा.

०

नेरळहून वर येणारी गाडी १९०७ सालची. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली. वीस-एकवीस किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त घेते, कारण चढ खडा आहे आणि वळणे अरुंद. वळणावर चाके रुळाला घासून किंचाळतात. डोंगराची सोंड मध्ये आली की आवाज बुडतो, सोंड ओलांडली की वर येतो. गाडी दिसायच्या कितीतरी आधी आम्ही तिचे अंतर सांगत असू.

सावकाश येणारी गोष्ट आधी ऐकू येते. बडा ख्याल ऐकताना ज्यांना कंटाळा येतो त्यांना हे सांगावेसे वाटते: गायक पोहोचलेला नाही, पण तो वाटेवर आहे हे ऐकू येते आहे. त्या ऐकू येण्यातच सुख आहे.

०

गावाचे वर्ष सीझनवर चालते. दिवाळी, नाताळ, मे महिना. आमच्या लहानपणी जूनचा पाऊस उतरला की गाव मिटून जाई. छोटी गाडी बंद. हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या. भिंतींना प्लास्टिकचे कागद. आगोटीचे धान्य, सरपण, सुकी मासळी भरून झालेली. बरेच घोडे खाली उतरलेले. मग चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि बाजारात दुपारी बारा वाजता कुत्रेही नाही.

पाहुण्यांच्या दृष्टीने तेव्हा गाव बंद असे. आम्ही त्यातच राहत होतो. बंद गावात शाळा भरत होती, भाकऱ्या भाजल्या जात होत्या, म्हातारी माणसे मरत होती, मुले जन्मत होती.

०

वडील एका जुन्या बंगल्याचे राखणदार होते. मालक मुंबईचे, वर्षातून दोनदा येणारे. दिवाणखान्यात एक पियानो होता, चादर घातलेला. पावसाळ्यात त्याच्या लाकडी पट्ट्या फुगत आणि दाबलेली पट्टी वर येत नसे. वडील मे महिन्याच्या आधी ऊन दाखवून, खोल्या उघड्या ठेवून त्याला माणसांत आणू पाहत. तो पुरता कधी आला नाही.

माझ्या तबल्याचाही पाऊस शत्रूच. ओल धरली की पुडी सैल पडते आणि सूर खाली बसतो. शेगडीशेजारी ठेवायचा, गठ्ठे ठोकायचे, मग हातोडीने गजऱ्यावर घरोघर फिरून सूर जुळवायचा. चार बोल वाजले की तो पुन्हा उतरलेला. फरक एवढाच, की पियानोला सुरात आणणारा कारागीर मुंबईहून यावा लागे आणि तबल्याची हातोडी माझ्या पिशवीत होती.

ज्याला आपले वाद्य रोज जुळवून घ्यावे लागते, त्याला सूर ही कमावून ठेवायची गोष्ट वाटत नाही. ती दर वेळी मिळवायची असते. पावसाने हे मला दर वर्षी चार महिने सांगितले.

०

त्रितालाच्या सोळा मात्रा. चार-चारांचे चार भाग. पहिल्या, म्हणजे समेच्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर खाली. खालीच्या अंगाला डग्ग्याचा घुमारा थांबतो. डावा हात पडतो, पण मोकळा घुमू देत नाही. मात्रा मात्र एकही गळत नाही.

नवशिक्याला वाटते, खाली म्हणजे विसावा. गवय्याला विचारा. तानेत हरवलेला गवई डग्गा कधी थांबतो याकडे कान लावून असतो. घुमारा गेला की त्याला समजते, निम्मे आवर्तन झाले, सम अजून आठ मात्रांवर आहे. भरलेला ठेका सगळीकडे सारखाच भरलेला वाटतो. कुठे आहोत हे खालीच सांगते.

माझ्या गावाला पावसाळ्याने हे काम केले. पाहुणे गेले, घुमारा थांबला, आणि आपण कोण आहोत हे गावाला पुन्हा मोजता आले.

०

गावातला सर्वांत चांगला गवई पावसाळ्यातच गातो. शीळकरी कस्तूर. काळा-निळा पक्षी, ओढ्याकाठी राहणारा. उजाडण्याच्या वेळी त्याची शीळ सुरू होते. वाटेने एकटा जाणारा मुलगा आपल्याच नादात शीळ घालत असावा, तशी. सूर धरतो, सोडतो, भलतीकडे वळतो. घरच्या हार्मोनियमवर मी ती शीळ पकडायला बसे आणि प्रत्येक सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सापडे.

मे महिन्याच्या गर्दीत तो बहुतेक गप्प असतो. त्याचे गाणे विणीच्या हंगामाचे, म्हणजे पावसाचे. ऐकणारे कोण आहेत याची चौकशी त्याने केलेली नाही. स्वतःच्या ऋतूत गाणे हा त्याचा सगळा नियम. पुढे मोठ्या सभागृहांत वाजवताना समोरच्या रिकाम्या खुर्च्या मला फारशा टोचल्या नाहीत. त्याचे कारण हा पक्षी.

०

गणपती भाद्रपदात येतात. म्हणजे सीझन संपल्यावर आणि सुरू होण्याआधी. गावात पाहुणा नाही, धंदा नाही, हातात पैसा नाही, आणि गावाचा सर्वांत मोठा उत्सव तेव्हा. पखवाज ओला, झांजा थंडगार, बाहेर पाऊस इतका की आरतीचा एक आवाज शेजारच्या घरात जात नाही. घोडेवाला, हमाल, हॉटेलातला आचारी, दुकानदार एका रांगेत बसून भजन म्हणत. सीझनभर ज्यांना "ए, इकडे ये" अशी हाक ऐकावी लागे, ते त्या रात्री बुवा असत, टाळकरी असत.

गाणे विकायला लागण्याआधी ते कुणाचे होते, हे मी तिथे पाहिले. ज्याने हे पाहिलेले नाही, त्याला पुढे विकलेले आणि दिलेले यांतला फरक कळायला जड जाते.

०

हॉटेलातही मी वाजवले. सीझनमध्ये, जेवणाच्या वेळी, गाणाऱ्याच्या साथीला. त्याच त्या फर्माइशी, त्याच क्रमाने. पहिल्या सीझनला कंटाळा आला. तिथे एक म्हातारे पेटीवाले होते. ते म्हणाले, "बाळ, तू हे गाणे रोज वाजवतोस. समोरचा माणूस वर्षभर पैसे साठवून आलाय आणि आज एकदाच ऐकतोय. त्याच्या हिशेबाने वाजव."

सहलीच्या गावचा वादक जाणाऱ्यांसाठी वाजवतो. आजचा श्रोता उद्या खाली उतरलेला असेल. चूक उद्या सुधारून दाखवीन, असे त्याला सांगता येत नाही. म्हणून आजचे आवर्तन आजच समेवर आणावे लागते.

०

डोंगरावरची गावे कान घडवतात. माणसे ठेवून घेणे त्यांना जमत नाही. गोव्याचे वादक एके काळी सीझनभर मसुरीच्या, शिमल्याच्या हॉटेलांत वाजवायला जात आणि थंडीआधी खाली उतरत. लुई बँक्स दार्जिलिंगात जन्मले. त्यांचे नाव झाले ते कलकत्त्यात आणि मुंबईत. झांझिबारहून आठव्या वर्षी पाचगणीच्या शाळेत आलेला फारोख बलसारा तिथे पियानो वाजवी. १९५८ साली त्याने मित्रांबरोबर शाळेतच बँड केला, द हेक्टिक्स नावाचा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ऐकले.

मी त्या पंगतीतला नव्हे. पण उतरणीची वाट सगळ्यांना एकच. डोंगरावर रियाज होतो, रोजगार खाली असतो. गाव याचा राग धरत नाही. जाणाऱ्यांना निरोप देणे हाच त्याचा पिढ्यांचा धंदा आहे.

०

मुंबईत पहिल्यांदा तबला जुळवायला बसलो तेव्हा खोली आधीच एका सुरात होती. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट. पन्नास हर्ट्‌झच्या विजेची अखंड गुणगुण. शेजारी कुणाला ती ऐकू येत नव्हती. त्यांच्या कानांनी तिला भिंत मानले होते.

शहरात राहून कान बिघडत नाही. तो सोसायला शिकतो. सोसणारा कान आणि ऐकणारा कान एकच असला तरी दोन्ही कामे तो एका वेळी करू शकत नाही.

०

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सर्वांत जड आहे.

माथेरानची शांतता फुकटची नव्हती. मोटार नाही म्हणजे ओझे नाही असे होत नाही. ते कुणाच्यातरी अंगावर जाते. सिलिंडर, तांदळाची पोती, हॉटेलातल्या गाद्या, पाहुण्यांच्या बॅगा, सगळे घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. डोंगराखालच्या वाड्यांतल्या बाया पहाटे चढून येत आणि दिवसभर सामान वाहत. हातरिक्षात एक माणूस बसे. एक पुढून ओढी, चढाला मागून आणखी कुणी रेटी. त्या रिक्षांची लय मी तासन्‌तास ऐकली आहे. पावले बरोबर पडत, श्वासही बरोबर पडत. मला ते सुंदर वाटे, आणि ते सुंदर होतेच. पण ती लय ज्याच्या छातीतून निघत होती, तो चाळिशीत म्हातारा होत होता.

माझा कान त्या श्वासांवर तयार झाला. हे ऋण आहे. ते नुसते आठवून फिटत नाही.

०

२०२२ च्या डिसेंबरात गावात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावली. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, माणसाने माणसाला ओढणे सहा महिन्यांत बंद करा. हे व्हायलाच हवे होते. कुणी मला म्हणाले, "गावाची जुनी मजा गेली." ज्याला ती मजा ओढावी लागली नाही, त्यानेच हे म्हणावे.

विजेवरची रिक्षा जवळजवळ आवाज करत नाही. तेव्हा शांतता आणि माणुसकी यांत निवड करायची वेळ आता गावावर नाही. ज्यांनी आजवर ओढले त्यांच्याच हाती या रिक्षाचे हँडल आले पाहिजे, एवढेच पाहायचे आहे.

०

२६ जुलै २००५ च्या पावसाने छोट्या गाडीचा मार्ग जागोजाग वाहून गेला. गाडी परत आली २००७ साली. तेवढा काळ गावाने ती शिटी ऐकली नाही. घोडे चालले, हमाल चढले, गणपती आले आणि गेले. लांब खाली होती, पण मोजणी सुटली नाही.

मला अशा खालीची भीती वाटत नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. आता जून-जुलैच्या शनिवार-रविवारीही गाव भरते. धबधबे पाहायला, ढगांत उभे राहून व्हिडिओ काढायला. आलेल्यांना दोष नाही. त्यांनाही शहरातून श्वास घ्यायलाच यावे लागते. गावाच्या चुली त्यावर पेटतात, हेही मी जाणतो. पण वर्षाचे बाराही महिने सीझन झाला तर गाव स्वतःसाठी कधी वाजवणार? कस्तुराच्या शिळेवर स्पीकर चढला तर ओढ्याकाठी कोण थांबणार?

०

शिष्यांना मी आधी खाली शिकवतो. ते नाराज होतात. त्यांना तिहाया हव्या असतात, टाळ्या घेणारे तुकडे हवे असतात. मी त्यांना डग्ग्यावरचा हात न घुमवता ठेका धरायला लावतो, कितीतरी वेळ. जो मुलगा घुमाऱ्याशिवाय सोळा मात्रा सरळ मोजू शकतो, त्याची सम कधी डळमळत नाही.

गावाच्या कारभाऱ्यांनाही माझे एवढेच सांगणे आहे. वर्षातला एक काळ पाहुण्यांच्या हिशेबातून बाहेर ठेवा. त्या काळात रस्ते, झाडे, घोडे आणि माणसे यांची डागडुजी होऊ द्या. ज्यांनी ओझी वाहिली त्यांच्या घरचे पोट त्या महिन्यांत कसे भरेल, याची तजवीज आधी करा. त्यांना उपाशी ठेवून राखलेली शांतता गावाची नव्हे. आणि मुलांना त्या दिवसांत एको पॉइंटवर जाऊ द्या, नाव ओरडायला नव्हे, टाळी धरायला.

ऐकायला कोणी नसताना ज्याचा ठेका सुटत नाही, त्यालाच चार माणसांत वाजवायचा अधिकार पोहोचतो. गावालाही हाच नियम लागू आहे.